अतिगुणी गुप्तहेर नायिका पटते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रहस्यकथा आवडीने वाचणाऱ्यांमध्ये एक तक्रार नेहमी ऐकू येते: नायिकेला सगळेच येते, ती कुठेच अडत नाही, आणि म्हणून ती खरी वाटत नाही. या तक्रारीत तथ्य किती आहे आणि सवयीतून आलेला पूर्वग्रह किती आहे, हे पाहण्यासाठी पुढील प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. काही कथांमधील प्रसंग उदाहरणादाखल सांगावे लागले आहेत, मात्र गुन्हेगार कोण हे कुठेही उघड केलेले नाही.

अतिगुणी नायिका नेमकी कोणाला म्हणायचे?

तल्लख बुद्धी ही तर गुप्तहेर नायिकेची पहिली अट आहे, त्यामुळे केवळ हुशार नायिकेला अतिगुणी म्हणणे योग्य नाही. तपासाला लागणाऱ्या गुणांखेरीज जिला मोटार आणि विमान चालवता येते, चार भाषा बोलता येतात, बंद कुलपे उघडता येतात, जिचा नेम चुकत नाही, जिचे रूप देखणे आहे आणि जिला पैशाची चिंता नाही, आणि यांपैकी काहीही कधी कमी पडल्याचे जिच्या बाबतीत दिसत नाही, तिच्याविषयी हा प्रश्न निघतो.

थोडक्यात उत्तर काय? अशी नायिका पटते की नाही?

पटू शकते. वाचकाला गुणांची संख्या खटकत नाही. नेमकी गरज पडली की गुण उगवतो, हे खटकते.

रहस्यकथा हा लेखक आणि वाचक यांच्यातला एक करार असतो. उलगड्याला लागणारा प्रत्येक धागा आधी वाचकाच्या नजरेसमोरून गेलेला असला पाहिजे, हे त्या कराराचे मुख्य कलम. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने, जे स्वतः रहस्यकथाही लिहीत, १९२९ मध्ये या प्रकारासाठी दहा नियम सांगितले होते. त्यांतला सहावा नियम असा की, गुप्तहेराच्या मदतीला योगायोग धावून येता कामा नये आणि ज्याचे कारण सांगता येत नाही असा त्याचा अंदाज अचूक ठरता कामा नये. आपण हा नियम पुराव्यांपुरता मानतो. माझ्या मते तो नायिकेच्या अंगच्या गुणांनाही तितकाच लागू आहे. ती मासेमारांच्या वस्तीत वाढली हे तिसाव्या पानावर सहज सांगून झाले असेल, तर दोनशेव्या पानावर भर समुद्रात बंद पडलेले होडीचे यंत्र तिने सुरू केले याचे वाचकाला नवल वाटत नाही, उलट आपल्याला हे आधीच ठाऊक होते याचा आनंद होतो. तीच गोष्ट दोनशेव्या पानावर पहिल्यांदा सांगितली तर तीच होडी आणि तेच यंत्र खोटे वाटू लागते. नायिकेचा गुण हाही एक धागादोरा आहे, आणि तो वेळेआधी वाचकाच्या हाती द्यावा लागतो.

सोळा वर्षांच्या नॅन्सी ड्रूला सगळे कसे येते?

या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यायला हवे, कारण अतिगुणी नायिकेचे नाव निघाले की बोट प्रथम हिच्याकडेच जाते.

नॅन्सी ड्रूची पहिली पुस्तके अमेरिकेत एप्रिल १९३० मध्ये आली. एडवर्ड स्ट्रेटमायर यांच्या संस्थेत कथेचा आराखडा तयार होई, तो ठरावीक मोबदल्यावर एखाद्या लेखकाकडे सोपवला जाई आणि पुस्तकावर कॅरोलिन कीन हे काल्पनिक नाव छापले जाई. नॅन्सी निळी मोटार चालवते, पोहते, टेनिस खेळते, मोठ्यांशी बरोबरीने बोलते आणि तिच्या वकील वडिलांना तिच्या शब्दाविषयी कधी शंका येत नाही. आई हयात नाही, घर सांभाळायला एक प्रेमळ बाई आहेत, शाळेचे बंधन नाही आणि हातात पैसा आहे. यातला एकेक तपशील तिचे स्वातंत्र्य शक्य व्हावे म्हणून योजलेला आहे आणि पहिल्याच काही पानांत सांगून टाकलेला आहे. गुण भरपूर आहेत, पण ते लपवून ठेवलेले नाहीत.

पहिल्याच पुस्तकातला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. चोर नॅन्सीला एका रिकाम्या बंगल्यातल्या कपड्यांच्या कपाटात कोंडून निघून जातात. ती हाका मारते, धडका देते, केसांतल्या पिनेने कुलूप उघडून पाहते आणि यांतले काहीही साधत नाही. मग अंधारात चाचपडताना तिच्या हाताला कपडे टांगायचा दांडा लागतो. तो निखळवून ती तरफेसारखा दाराच्या बिजागरीत घालते आणि जोर लावते. हा दांडा कपाटात असणारच, हे प्रत्येक वाचकाला माहीत असते, फक्त तो त्याच्या मनात आलेला नसतो. पिनेने कुलूप पटकन उघडले असते तर नॅन्सी अतिगुणी ठरली असती. दांडा वापरल्यामुळे ती केवळ डोके शांत ठेवणारी मुलगी ठरते. या दोन्हींत जो फरक आहे, तोच या पानाचा विषय आहे.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पहिल्या तीस पुस्तकांपैकी तेवीस लिहिणाऱ्या मिल्ड्रेड वर्ट बेन्सन यांना सुरुवातीच्या पुस्तकांसाठी प्रत्येकी १२५ डॉलर मिळाले. या बाईंनी आयोवा विद्यापीठातून पत्रकारितेत पदव्युत्तर पदवी घेतली होती, त्या पट्टीच्या पोहणाऱ्या होत्या, पुढे त्यांनी विमान चालवण्याचा परवाना मिळवला आणि २००२ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी निधन होईपर्यंत त्या वर्तमानपत्रासाठी लिहीत राहिल्या. नॅन्सीला अशक्यप्राय म्हणणाऱ्या वाचकाने तिला घडवणाऱ्या बाईचे आयुष्य एकदा डोळ्यांखालून घालावे.

शेरलॉक होम्सला हा प्रश्न कोणी का विचारत नाही?

खरे तर विचारायला हवा. होम्स रसायनशास्त्र जाणतो, व्हायोलिन वाजवतो, मुष्टियुद्ध खेळतो, वेश पालटून डॉक्टर वॉटसनसारख्या निकटच्या मित्राला चकवतो. डोरोथी सेयर्स यांच्या कादंबऱ्यांतला लॉर्ड पीटर विम्झी पियानो वाजवतो, उत्तम क्रिकेट खेळतो, दुर्मीळ ग्रंथ जमवतो आणि मद्याच्या घोटावरून त्याचे साल सांगतो. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांच्या करामतींवर वाचकांच्या एका अख्ख्या पिढीने मनापासून प्रेम केले आणि हे सगळे एकाच माणसाला कसे जमते, असे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. पुरुषाचे सर्वगुणसंपन्न असणे ही नायकपदाची खूण मानली गेली आणि बाईचे तसे असणे ही लेखकाची चूक मानली गेली, हे मान्य केल्याशिवाय या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येणार नाही.

तरीही सगळे खापर पूर्वग्रहावर फोडून चालणार नाही. १८८७ च्या पहिल्याच कथेत वॉटसन होम्सच्या ज्ञानाची यादी करतो, तेव्हा साहित्य, तत्त्वज्ञान आणि खगोलशास्त्र यांच्यापुढे शून्य लिहितो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हेसुद्धा या माणसाला ठाऊक नसते. सेयर्स यांनी विम्झीच्या मनावर पहिल्या महायुद्धाचा असा आघात दाखवला आहे की, युद्ध संपून गेल्यावरही तो त्याची पाठ सोडत नाही. या लेखकांनी नायकाला जे दिले, त्याची किंमतही वसूल केली. नायिकेच्या बाबतीत ही किंमत कित्येकदा वसूल केलीच जात नाही, जणू तिला दुखवायला लेखकच कचरतो, आणि मग ती शोभेच्या बाहुलीसारखी निर्जीव होते.

‘मेरी सू’ हा शब्द अशा नायिकांना लावणे योग्य आहे का?

बहुतेक वेळा नाही. १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी एका लोकप्रिय अंतराळ मालिकेच्या चाहत्यांसाठी एक लहानशी विडंबनकथा लिहिली. तिच्यात मेरी सू नावाची साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट होती, आणि हौशी लेखकांच्या कथांत स्वतःचेच स्वप्न रंगवण्याची जी खोड होती, तिच्यावर ते बोट होते. पुढे हा शब्द कोणत्याही कर्तबगार नायिकेवर फेकला जाऊ लागला. मेरी सूची खरी खूण तिचे गुण नव्हे. तिच्याभोवतीचे सगळे जग तिच्यापुढे वाकते, ही ती खूण. म्हणून मी एकच कसोटी लावतो: कथेत या नायिकेशी कोणाला यशस्वीपणे खोटे बोलता येते का? रहस्यकथेत संशयितांनी खोटे बोलायचे असते. पहिल्या भेटीतच प्रत्येकाचे खोटे तिला कळत असेल, तर ती तपास करत नाही, ती फक्त निकाल वाचून दाखवते.

लिस्बेथ सालांदर हद्द ओलांडते का?

काही ठिकाणी ओलांडते. स्वीडिश पत्रकार स्टीग लार्सन यांच्या निधनानंतर, २००५ पासून प्रकाशित झालेल्या कादंबऱ्यांतली ही तरुणी एकदा पाहिलेले पान विसरत नाही आणि कोणाच्याही संगणकात शिरू शकते. हे दोन्ही गुण मला पटतात, कारण ते सुरुवातीपासून तिच्या सोबत आहेत आणि माणसांशी दोन शब्द सरळ बोलणे तिला किती जड जाते, हेही त्याच पानांवर दिसते. ज्या मुलीला लहानपणी मनोरुग्णालयात कोंडले गेले, तिने माणसांपेक्षा यंत्रावर विश्वास ठेवावा, हे ओळखीचे दुःख आहे.

फर्माच्या शेवटच्या प्रमेयाचे मात्र तसे नाही. दुसऱ्या कादंबरीत, गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांना ज्याच्या सिद्धतेसाठी सात वर्षे एकांतात काम करावे लागले, त्या प्रमेयाचे छोटेसे उत्तर गणिताचे रीतसर शिक्षण नसलेल्या लिस्बेथला धावपळीच्या मधोमध सुचते. हा गुण तपासाच्या कामी येत नाही आणि तिच्या आयुष्यातूनही उगवत नाही. तो केवळ वरून अडकवलेला दागिना आहे. त्याच कादंबरीत डोक्यात गोळी लागलेली लिस्बेथ पुरलेल्या खड्ड्यातून सिगारेटच्या डबीने माती उकरत बाहेर येते. ती डबी तिला मैत्रिणीने आधी भेट दिलेली आहे, म्हणजे धागा वेळेवर दिलेला आहे, तरीही पुष्कळ वाचक इथे थांबतात. ज्ञान आणि कसब आधी सांगून ठेवता येते, पण देहाच्या मर्यादा सांगून ओलांडता येत नाहीत, असे माझे मत आहे.

सगळे गुण असूनही पटणारी नायिका कोणी आहे का?

आहे. केरी ग्रीनवुड या ऑस्ट्रेलियन लेखिकेने १९८९ मध्ये आणलेली फ्रायनी फिशर १९२८ च्या मेलबर्नमध्ये लाल हिस्पानो-सुइझा मोटार हाकते, विमान उडवते, पिस्तूल बाळगते आणि नाचतेही सुरेख. तरी ती पटते, याचे कारण तिची गरिबी. ती मेलबर्नच्या दरिद्री वस्तीत वाढली. महायुद्धात मधले वारस गेल्यामुळे सरदारकी अचानक वडिलांकडे आली. फ्रान्समध्ये तिने जखमींच्या गाडीवर काम केले. ऐश्वर्यात ती रमते, कारण उपास तिने पाहिलेले आहेत, आणि एखाद्या मोलकरणीची गाठ पडली की तिला जे लगेच समजते, ते जन्मापासून श्रीमंत असलेल्या बाईला समजले नसते.

मग कमी गुणांची नायिका अधिक खरी वाटते का?

इथे मला १९३० या एका वर्षाकडे पुन्हा यावेसे वाटते. त्या वर्षी नॅन्सी ड्रू आली. सेयर्स यांची हॅरिएट व्हेन आली, जी पहिल्या भेटीत खुनाचा आरोप असलेली स्त्री म्हणून पिंजऱ्यात उभी असते. आणि अगाथा ख्रिस्ती यांच्या मिस मार्पल, ज्या १९२७ मध्ये एका लघुकथेत येऊन गेल्या होत्या, पहिल्यांदा कादंबरीत आल्या. मिस मार्पल यांना धावता येत नाही, त्यांच्याकडे पिस्तूल नाही. त्या बागेत काम करतात, आणि बाग अशा जागी आहे की धर्मगुरूच्या घरी जाणारे-येणारे कोणीही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. पक्षी पाहण्यासाठी म्हणून दुर्बीण हाताशी असतेच. गावातला एखादा जुना, क्षुल्लक प्रसंग त्यांना आठवतो आणि त्याच्या उजेडात खुन्याचा स्वभाव दिसू लागतो.

मला त्या इतक्या खऱ्या वाटतात, कारण मी लहानपणी ज्या वाड्यात राहिलो तिथे अशाच एक काकू होत्या. सकाळी नळाला पाणी आले की त्या दारात तांदूळ निवडत बसत. कोणाच्या घरून आज रोजच्यापेक्षा वेगळे माणूस बादली घेऊन आले एवढ्यावरून त्या त्या घरातले आजारपण, भांडण किंवा पाहुणा ओळखत, आणि माझ्या आठवणीत त्यांचा अंदाज क्वचितच चुकला. या गुणाला कोणी गुण म्हणत नसे. लोक त्याला चौकसपणा म्हणत. ख्रिस्तीबाईंनी तो चौकसपणा गुप्तहेरीच्या आसनावर बसवला.

अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांच्या कादंबऱ्यांतल्या, बोट्सवानाच्या प्रेशस रामोत्स्वे यांचेही असेच आहे. वडिलांनी मागे ठेवलेली गुरे विकून त्या कार्यालय थाटतात. एक छोटी पांढरी मोटार, दोन मेजे, दोन खुर्च्या, एक टेलिफोन, एक जुने टंकलेखन यंत्र आणि चहाची किटली एवढीच त्यांची मालमत्ता, आणि माणसे ओळखण्याची समज हे भांडवल.

पी. डी. जेम्स यांची कॉर्डेलिया ग्रे मला या सगळ्यांत सर्वांत जवळची वाटते. १९७२ च्या कादंबरीत ती २२ वर्षांची आहे आणि भागीदाराच्या आत्महत्येनंतर डबघाईला आलेला व्यवसाय तिच्या गळ्यात पडलेला आहे. तिला विहिरीत ढकलून दिले जाते. ती गिर्यारोहक नाही. पाठ एका बाजूला आणि पाय समोरच्या बाजूला रेटून ती इंचाइंचाने वर सरकते. त्या वेळी तिच्या कमरेला जो पट्टा असतो तो, ज्याच्या मृत्यूचा ती तपास करते आहे, त्या तरुणाचा. तो तिने आधीच्या एका प्रसंगी बांधलेला वाचकाने पाहिलेला असतो, आणि वर पोहोचल्यावर हात सुटू नयेत म्हणून तोच उपयोगी पडतो. कोणताही असामान्य गुण नसतानाही ती सुटका पटते, आणि तिच्या पोटऱ्यांतला थरकाप वाचकाच्या पोटऱ्यांत उतरतो.

दोष जोडला की नायिका विश्वासार्ह होते का?

आपोआप होत नाही. दारूचे व्यसन, मोडलेले लग्न, अंधाराची भीती असा एखादा दोष वरून चिकटवण्याची पद्धत पडली आहे. दोषामुळे तपासात खरोखर काही हातचे निसटले, तरच तो दोष. नाहीतर तोही एक अलंकारच.

प्रत्यक्षात अशा स्त्रिया होत्या का?

होत्या. इंग्रजी कथांत स्त्री गुप्तहेर १८६४ मध्येच अवतरली होती, पण लंडनच्या पोलीस दलात गस्तीवर स्त्रिया यायला १९१९ उजाडले. अमेरिकेत मात्र केट वॉर्न १८५६ मध्येच शिकागोच्या पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत रुजू झाल्या होत्या. पुरुषांना जिथे प्रवेश नाही तिथे बाई सहज जाऊ शकते आणि गुन्हेगारांच्या बायका तिच्यापाशी मन मोकळे करतात, हा त्यांचा युक्तिवाद होता. १८६१ मध्ये लिंकन यांना बाल्टिमोरमधून गुपचूप नेताना वॉर्न यांनी आजारी भावाची काळजी घेणाऱ्या बहिणीची भूमिका केली. महाराष्ट्रात खासगी गुप्तहेर रजनी पंडित यांनी एका खुनाच्या तपासासाठी कित्येक महिने संशयिताच्या घरी मोलकरीण म्हणून काम केल्याचे प्रसिद्ध आहे. यांत विमान नाही आणि पिस्तूलही नाही. कोणाचे लक्ष जाणार नाही अशी बाई होऊन राहण्याचे कसब आहे, आणि ते अतिशय अवघड आहे.

मुंबईत घडणाऱ्या कथांत असे उदाहरण आहे का?

सुजाता मॅसी यांच्या कादंबऱ्यांतली पर्वीन मिस्त्री ही पारशी वकील याचे चांगले उदाहरण आहे. २०१८ च्या पहिल्या कादंबरीचा काळ १९२१ चा आहे. पर्वीन ऑक्सफर्डला शिकलेली, सधन घरची, अनेक भाषा जाणणारी, म्हणजे यादी पाहिली तर अतिगुणीच. पण स्त्रियांना वकिलीची दारे उघडणारा कायदा भारतात १९२३ मध्ये झाला, त्यामुळे वडिलांच्या कार्यालयात कागद तयार करणाऱ्या पर्वीनला न्यायालयात उभे राहून बोलता येत नाही. मलबार हिलवरच्या पडदानशीन विधवांना भेटायला मात्र पुरुष वकील जाऊ शकत नाही. तिथे तीच जाऊ शकते. काळाने तिच्यासाठी एक दार बंद केले आणि दुसरे उघडे ठेवले, आणि कथा त्या दोन दारांमध्ये घडते.

तिच्या मागे कॉर्नेलिया सोराबजी यांचे खरे आयुष्य आहे. १८६६ मध्ये नाशिकला जन्म, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण, १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री, आणि पदवी हाती येण्यासाठी पुढे जवळपास तीस वर्षांची प्रतीक्षा. हे कोणी कादंबरीत रचून लिहिले असते तर संपादकाने ‘जरा कमी करा’ असे सुचवले असते.

मराठीत अशी नायिका लिहायची असेल तर काय करावे?

परदेशी नायिकेचे गुण उचलून आणू नयेत. इथल्या बाईला इथल्या कामातून जे येते ते पाहावे. सातबारा आणि फेरफार वाचता येणारी महिला तलाठी घ्या. गावात एका वृद्धाचा मृत्यू झाला आहे आणि सगळे त्याला नैसर्गिक समजत आहेत. ती जुने फेरफार चाळते, तेव्हा तिला दिसते की वारस नोंदीचा अर्ज मृत्यूच्या चार दिवस आधीच्या तारखेचा आहे. पिस्तुलाची गरज संपली. मात्र हिला फेरफार वाचता येतो, त्यातली खाडाखोड तिच्या नजरेतून सुटत नाही, हे पहिल्या प्रकरणातच एखाद्या किरकोळ बांधाच्या भांडणात दाखवून ठेवावे, म्हणजे पुढचा उलगडा वाचकाच्या डोळ्यांदेखत होतो. आणि एका माणसाच्या बोलण्यावर तिने विश्वास ठेवून पस्तावावे, हेही जरूर योजावे.

वाचायला सुरुवात कोणापासून करावी?

प्रथम कॉर्डेलिया ग्रे वाचावी, मग मिस मार्पल आणि त्यानंतर फ्रायनी फिशर, म्हणजे गुण वाढत गेले तरी विश्वास कसा टिकतो हे क्रमाने लक्षात येते. नॅन्सी ड्रू वाचताना आवृत्ती पाहून घ्यावी. १९५९ पासून ही पुस्तके नव्याने लिहिली गेली, नॅन्सीचे वय १८ झाले आणि तिच्या बोलण्यातली धार बोथट झाली. मात्र जुन्या आवृत्त्यांमध्ये कृष्णवर्णीय पात्रांची जी हीन चित्रणे होती ती काढून टाकणे हेही त्या पुनर्लेखनाचे एक कारण होते आणि ते योग्यच होते. लहान मुलांच्या हाती नवी आवृत्ती द्यावी. मोठ्यांनी जुनी वाचावी, आणि कपाटाचा प्रसंग दोन्हींत शेजारी ठेवून वाचून पाहावा.